छोट्या कुत्र्याला घेऊन वेस्ट हायलँड वे कसा चालायचा

स्कॉटलंडमधला हा ट्रेल ग्लासगोजवळच्या मिलगायपासून फोर्ट विल्यमपर्यंत, १५४ किमी. घरात वेस्टी (वेस्ट हायलँड व्हाइट टेरियर) किंवा केर्न टेरियर असेल तर या जाती मुळात तिकडच्याच, त्यामुळे दम असतो त्यांच्यात, पण पाय आखूड आहेत हे प्लॅन करताना विसरायचं नाही. बरेच लोक सात दिवसांत करतात, तुम्ही नऊ-दहा धरा.

आधी दोन-तीन महिने चालायची सवय लावा, दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत. पिल्लू असेल तर थांबा, आणि म्हातारं असेल तर आधी व्हेटला दाखवा.

हार्नेस पाठीवर हँडल असलेलाच घ्या, यात काटकसर नको. लॉक लोमंड या तळ्याच्या काठाने इनव्हर्सनेडच्या पुढे वाट म्हणजे नुसते दगड आणि मुळं, तुम्हाला जी एक पायरी वाटते ती त्याच्या छातीएवढी असते. तिथे तो पुढचे पाय दगडावर ठेवून तुमच्याकडे बघत उभा राहतो, तेव्हा एका हाताने हँडल धरायचं, दुसरा हात पोटाखाली घालायचा आणि उचलून वर ठेवायचं, नुसतं हँडलला लटकवायचं नाही. असं दिवसभर करावं लागतं, म्हणून मोठी बॅग बॅगेज सर्व्हिसने पुढच्या मुक्कामाला पाठवून द्या, म्हणजे तो दमला तर त्यालाच पाठीवर घेता येतं.

दुसरी गोष्ट थंडी. छोट्या कुत्र्याचं पोट ओल्या गवताला घासतच जातं, अर्ध्या तासात खालून चिंब. वाटेतल्या रॅनक मूर या उघड्या माळरानावर आडोसा नाही, वारा लागला की थरथरायला लागतो, मग थांबल्या थांबल्या टॉवेलने पोट कोरडं करा आणि पोट झाकणारं जॅकेट घाला. खाणंही नेहमीपेक्षा जास्त लागतं, दुपारी थोडं द्याच.

रोज संध्याकाळी गोचीड बघा, न चुकता. कानामागे, काखेत, बोटांच्या मधे, मांडीच्या आत, बोटं केसांत घालून हळूहळू चाचपत जायचं. सापडली तर टिक हुक (गोचीड काढायचा छोटा आकडा) कातडीला लावून फिरवत काढा, चिरडू नका, कारण गोचिडीतून पसरणारा लाइम डिसीज कुत्र्यालाही होतो आणि तुम्हालाही, म्हणजे स्वतःचे पायही तपासा. जायच्या आधी व्हेटकडून गोचिडीचं औषध घ्या.

मे अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत मिज, म्हणजे बारीक चावरी चिलटं, वारा पडला की थव्याने येतात, त्यामुळे मला एप्रिल-मे बरा वाटतो. पण तेव्हा कोकरांचा सीझन असतो, आणि एप्रिल ते जुलै जमिनीवर अंडी घालणारे पक्षी, तर पट्टा आखूडच ठेवा, आपला कितीही शहाणा असला तरी. गाई अंगावर आल्या तर मात्र पट्टा सोडून द्या, तो पळून सुटतो, तुम्ही शांतपणे जवळच्या वाटेने बाहेर पडा. उन्हाळ्यात तळ्याचं पाणी हिरवट दिसलं, वर साय आलेली असली तर पिऊ देऊ नका, विषारी शेवाळ असू शकतं.

मुक्काम आधीच बुक करा आणि कुत्रा चालतो का ते फोन करून विचारा, सगळीकडे चालत नाही. लोमंडच्या पूर्व काठाला तंबू टाकायचा असेल तर मार्च ते सप्टेंबर परमिट किंवा कॅम्पसाइट लागते.

परतीला फोर्ट विल्यमहून ग्लासगोची ट्रेन साधारण पावणेचार तास घेते. स्कॉटरेलमध्ये कुत्र्याचं तिकीट लागत नाही, पण सीटवर बसवायचं नसतं, तेव्हा खाली अंथरायला एक कोरडा टॉवेल शेवटपर्यंत जपून ठेवा.