दुसऱ्या बाळासाठी टेस्ट करायला जाताय? आधी एवढं जमवून ठेवा

पहिलं मूल आहे म्हणजे आपल्यात काही दोष नाही, हे घरचे सांगतात आणि आपण पण धरून बसतो, आणि ह्यातच वर्ष-दीड वर्ष निघून जातं. पण पहिल्या वेळचं वय आता नाही, मधे सिझेरियन झालं असेल, थायरॉइड मागे लागला असेल, आणि नवऱ्याचं पण वय वाढलंच की, ते कोणी मोजत नाही. तर साधा हिशोब असा की वय 35 च्या आत असेल तर वर्षभर, 35 च्या वर असेल तर सहा महिने ट्राय करून नाही राहिलं की तपासायला जायचं, आणि चाळिशी आली असेल किंवा पाळीच धड येत नसेल तर वाट बघत बसायचंच नाही. आता नवरा बोटीवर नोकरीला असेल तर (आपल्याकडे गोव्यात असे कितीतरी) कॅलेंडरचं वर्ष धरू नका, तो घरी होता तेवढेच महिने धरा आणि डॉक्टरला तसं सांगा.

सगळ्यात आधी पाळीच्या तारखा. गेल्या सहा महिन्यांच्या तरी लिहून काढा, मोबाइलमधे असल्या तरी कागदावर उतरवा. नुसते डाग पडले तो पहिला दिवस नव्हे, नीट अंगावरून जायला लागलं तो पहिला. हे एवढं बजावून सांगतेय कारण पुढचं सगळं ह्याच आकड्यावर चालतं. एफएसएच, एलएच, इस्ट्राडायॉल ह्या हार्मोन्ससाठी रक्त पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काढतात, बीजं मोजायची सोनोग्राफी पण त्याच सुमारास, एएमएच (बीजांचा साठा किती उरलाय ते सांगणारी टेस्ट) मात्र कधीही चालतं. अंडं फुटलं की नाही बघायची प्रोजेस्टेरॉन सगळे एकविसाव्या दिवशी म्हणतात, पण ते 28 दिवसांची पाळी असेल तर. तुमची 35 दिवसांनी येत असेल तर ती अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास पडते, म्हणजे पुढच्या पाळीच्या सातेक दिवस आधी. नाहीतर रिपोर्ट उगाच खराब येतो आणि तुम्ही घाबरता.

मग फाइल. पहिल्या बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड शोधा, सिझेरियन का केलं ते त्यात असतं. नंतर कधी ताप, इन्फेक्शन झालं होतं का, मधे एखादं पडलं आणि पिशवी साफ केली होती का, आणि त्यानंतर अंगावरून जाणं एकदम कमी झालं का, हे आवर्जून सांगायचं, कारण क्युरेटिंगनंतर कधीकधी गर्भाशय आतून चिकटतं. कधी टीबी झाला असेल, घरात कोणाला झाला असेल, तर तेही बोला, लाजू नका, ट्यूब (गर्भनलिका) बंद व्हायचं आपल्या देशात ते एक कारण आहे. बाळ अजून अंगावर पीत असेल तर तेही सांगायचं.

गोळ्यांची यादी करा, आणि त्यात ॲसिडिटीची गोळी पण लिहा बरं का. डॉम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असलेल्या गोळ्यांनी प्रोलॅक्टिन (अंगावरचं दूध तयार करणारं हार्मोन) वाढलेलं दिसतं, आणि आपण ती गोळी औषधात धरतच नाही. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर लॅबवाल्याला आधी विचारा, बायोटिनने थायरॉइडचे आकडे चुकतात. फॉलिक ॲसिड मात्र चालू करून टाका, त्याला रिपोर्टची वाट बघायची गरज नाही.

आता नवरा. माझं मत विचाराल तर पहिली टेस्ट त्याचीच, म्हणजे वीर्याची, स्वस्त आहे, सुई नाही, पाळीची तारीख बघावी लागत नाही, आणि साधारण निम्म्या जोडप्यांमधे पुरुषाच्या बाजूनेही काही ना काही असतं. पण नेमकं तिथेच गाडी अडते, “मला एक मूल झालंय की” म्हणून. सांगा त्याला की ते तेव्हाचं होतं. दोन ते सात दिवसांचा गॅप ठेवून सँपल द्यायचं, घरून नेणार असाल तर तासाच्या आत लॅबमधे पोचलं पाहिजे आणि अंगाशी धरून न्यायचं, म्हणजे काणकोणहून मडगावला निघायचं असेल तर सरळ तिथेच द्या. साधा कंडोम, क्रीम काही वापरायचं नाही. मोठा ताप येऊन गेला असेल तर तारीख लिहा, शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, त्यामुळे गणपतीत आलेल्या डेंग्यूचा परिणाम दिवाळीच्या रिपोर्टात पण दिसू शकतो. जिममधली इंजेक्शनं घेत असेल तर ते लपवायचं नाही, टेस्टोस्टेरॉन बाहेरून घेतलं की शुक्राणू कमी होतात. बोटीवरचा असेल तर सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात करा, रिपोर्ट खराब आला तर परत करायला वेळ उरतो.

ट्यूबचा एक्स-रे, म्हणजे एचएसजी, पाळी थांबल्यावर पण अंडं फुटायच्या आधी करतात, म्हणून त्या महिन्यात पाळी आल्यापासून टेस्ट होईपर्यंत संबंध नकोत. दुखतं, खोटं कशाला सांगू, काहींना थोडं, काहींना बरंच. आधी कुठली पेनकिलर घ्यायची ते विचारून ठेवा, पर्समधे पॅड टाका आणि एकटीने स्कूटरवर जाऊ नका. नंतर ताप आला किंवा पोट जास्त दुखलं तर लगेच फोन करायचा.

कुठे जायचं? आधी तुमची नेहमीची गायनॅक. सरकारीत जायचं तर म्हापसा, मडगावची जिल्हा हॉस्पिटलं आहेत, आणि बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजमधे) 2023 पासून आयव्हीएफची, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीची, मोफत सोय सुरू झालीय. दोघांची आधार कार्डं बरोबर ठेवा. ओपीडीला अख्खी सकाळ जाते, त्यामुळे पोराला शक्यतो आजीकडे ठेवा. त्याला कंटाळा येतो हे आहेच, पण बाहेर बाकावर पहिल्यासाठी आलेल्या बायका पण बसलेल्या असतात.

आणि चवथीला अख्खं घर भरलेलं असताना कोणीतरी विचारणारच, “दुसरं कधी गो?” काय सांगायचं ते नवरा-बायकोने आधी ठरवून ठेवा, आणि सासरच्यांना उत्तर नवऱ्याने द्यायचं.