दक्षिणेत बिऱ्हाड हलवताना: आधी शाळेची हद्द, मग घर

न्यू जर्सीतला प्रॉपर्टी टॅक्स नकोसा होतो, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात दोन बेडरूमच्या पलीकडे उडी जात नाही, नाहीतर कंपनीच ऑफिस उचलून टेक्सासला नेते. टोयोटानं २०१७ मध्ये आपलं अमेरिकेतलं मुख्यालय कॅलिफोर्नियातून डॅलसजवळच्या प्लेनोला नेलं, तसं. मग घरात चर्चा सुरू होते: अटलांटा, डॅलस, रॉली की शार्लट? ही चर्चा बहुतेक वेळा घराच्या किमतीपासून निघते आणि मुलांच्या शाळेपाशी येऊन अडते. माझं सांगणं, क्रम उलटा ठेवा. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत शाळा शहराच्या नावावरून ठरत नाही, घराच्या नेमक्या पत्त्यावरून ठरते. आणि पत्त्यावर लिहिलेलं शहर पुष्कळदा फसवं असतं.

नकाशा उघडण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहा

पहिली, प्रत्येक मूल हलताना कोणत्या इयत्तेत असेल. पाचवीपर्यंतचं मूल कुठेही रुळतं. नववीच्या सुरुवातीला हलणंही चालतं, कारण तिथे सगळेच नवीन असतात. अकरावीत हलवणं शक्यतो टाळा, वर्षभर थांबता येत असेल तर थांबा. लहानांच्या बाबतीत वयाची अट बघा. जॉर्जिया आणि टेक्सासमध्ये १ सप्टेंबरला पाच वर्षं पूर्ण असली तरच किंडरगार्टन, नॉर्थ कॅरोलिनात ३१ ऑगस्टला, टेनेसीत १५ ऑगस्टला. न्यू जर्सीत बऱ्याच ठिकाणी ही तारीख १ ऑक्टोबर असते. म्हणजे सप्टेंबरात जन्मलेलं पोर तिकडे शाळेत जाऊ शकलं असतं, इकडे वर्षभर घरी.

दुसरी गोष्ट व्हिसाची. प्रवेशाला व्हिसा आड येत नाही. सरकारी शाळेनं मुलाच्या इमिग्रेशन स्थितीवरून त्याला नाकारू नये, हा १९८२ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल टेक्सासमधल्याच खटल्यातला आहे. फरक पडतो तो पुढे कॉलेजला. जॉर्जियात लॉटरीच्या पैशातून १९९३ पासून चालणारी होप स्कॉलरशिप आहे. हायस्कूलमध्ये ३.० जीपीए (गुणांची सरासरी) राखला की राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत शिकवणी फीचा मोठा भार उतरतो. ३.७ जीपीए आणि सॅट या प्रवेशपरीक्षेत १२०० असतील तर झेल मिलर स्कॉलरशिप. अटलांटाला जाण्याचं हे एक कारण म्हणून सर्रास सांगितलं जातं, पण त्यासाठी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्डसारखा दर्जा लागतो, एच-४ वरच्या (एच-१बीवर काम करणाऱ्याच्या कुटुंबाचा व्हिसा) मुलाला ती मिळत नाही, हे सांगायचं राहून जातं. ग्रीन कार्डच्या रांगेत असाल तर हिशोब होपशिवाय मांडा.

शाळा कोणाच्या ताब्यात, ते समजून घ्या

न्यू जर्सीत सहाशेच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणा, आहेत. एडिसनमध्ये राहिलं की एडिसनच्या शाळा, इतका सरळ मामला. दक्षिणेत बहुतेक ठिकाणी अख्खी काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) मिळून एक डिस्ट्रिक्ट असतं. जॉर्जियाच्या १९४५ च्या राज्यघटनेनं शहरांना नवी स्वतंत्र शाळाव्यवस्था काढायला बंदी केली. त्यामुळे डिकेटर, मॅरिएटा, ब्यूफोर्ड अशा जुन्या शहरांच्या शाळा त्यांच्या स्वतःच्या आहेत, पण अटलांटाजवळची जॉन्स क्रीक आणि अल्फारेटा ही शहरं असूनही त्यांच्या शाळा फुल्टन काउंटीच्या. आता गंमत बघा. डेन्मार्क हायस्कूलचा टपालाचा पत्ता अल्फारेटाचा आहे, पण शाळा आहे फोर्साइथ काउंटीची. लॅम्बर्ट हायस्कूलचा पत्ता सुवानीचा, काउंटी फोर्साइथ. सुवानी शहर मात्र ग्विनेट काउंटीत. ‘अल्फारेटात घर बघतोय’ असं सांगणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायचा: काउंटी कोणती?

टेक्सासची तऱ्हा निराळी. तिथे इंडिपेंडंट स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे आयएसडी. त्याचा शहराशी संबंध नाही आणि काउंटीशीही नाही. डॅलसजवळच्या फ्रिस्को शहरातल्या काही घरांची मुलं प्रॉस्पर आयएसडीत जातात, काहींची लुईसव्हिल किंवा लिटल एल्म आयएसडीत, आणि फ्रिस्को आयएसडीच्या काही शाळांत प्लेनो आणि मॅकिनीची मुलं असतात. जाहिरातीत ‘फ्रिस्को’ लिहिलेलं असलं म्हणून फ्रिस्को आयएसडी मिळेल असं नाही.

नॉर्थ कॅरोलिनात वेक काउंटीचं एकच अवाढव्य डिस्ट्रिक्ट आहे. कॅरी, मॉरिसव्हिल, एपेक्स, रॉली सगळं त्यात आलं. इथे दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, काही शाळांवर प्रवेशमर्यादा असते. घर शाळेला खेटून असलं तरी नव्यानं आलेल्या मुलाला दुसऱ्या शाळेत पाठवतात. दुसरी, ‘इयर-राउंड’ वेळापत्रक: ४५ दिवस शाळा, १५ दिवस सुट्टी, मुलांचे चार गट म्हणजे ट्रॅक, आणि वर्ष जुलैत सुरू. धाकटा इयर-राउंडला आणि थोरली नेहमीच्या वेळापत्रकाच्या हायस्कूलला असेल, तर भारतात आजी-आजोबांकडे सहा आठवडे जायचा बेत मोडला म्हणून समजा.

तेव्हा करायचं काय? घराची लिंक आली की घराचे फोटो नंतर बघा. डिस्ट्रिक्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून शाळा शोधायची सोय असते. तिथे प्राथमिक, मिडल आणि हाय अशा तिन्ही शाळा बघा. घरं विकणाऱ्या साइटवर शाळेचं नाव असतं खरं, पण ते जुनं असू शकतं. एजंटच्या तोंडी शब्दावर तर मुळीच जाऊ नका. शंका असेल तर डिस्ट्रिक्टला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

आणि आजची हद्द उद्या तीच राहील असंही नाही. वाढत्या भागात नवी शाळा निघाली की हद्दी पुन्हा आखतात. दक्षिण फोर्साइथमध्ये लॅम्बर्ट २००९ मध्ये निघाली, डेन्मार्क २०१८ मध्ये, आणि काउंटीच्या पूर्वेला ईस्ट फोर्साइथ २०२१ मध्ये. प्रत्येक वेळी काही सोसायट्यांची मुलं इकडून तिकडे गेली. उलटंही होतं. घरं महाग झाली, तरुण कुटुंबं येईनात, तशी प्लेनो आयएसडीनं २०२४ मध्ये चार शाळा बंद करायचं ठरवलं. तुमची गल्ली हद्दीच्या काठावर आहे का, शेजारी नवी शाळा बांधायचं चाललंय का, हे स्कूल बोर्डाच्या बैठकांच्या इतिवृत्तांत सापडतं. कंटाळवाणं वाचन आहे, पण तासाभराचं काम.

रेटिंग वाचावं कसं

शाळांना रेटिंग देणाऱ्या साइटवरचा दहापैकी दहा हा आकडा मुख्यतः परीक्षेच्या गुणांवर उभा असतो, आणि गुण बऱ्याच अंशी पालकांच्या शिक्षणावर आणि मिळकतीवर. दोन इंजिनिअर आई-बापांची मुलं जिथे गोळा झाली तिथे आकडा वर जाणारच, त्यात शाळेचं कर्तृत्व किती ते कळत नाही. सात आणि दहा यांच्यातल्या फरकासाठी दीड लाख डॉलर जास्त मोजणं मला शहाणपणाचं वाटत नाही.

टेक्सासमध्ये तर ते अंगलटही येऊ शकतं. तिथे हायस्कूलच्या वर्गात पहिल्या १० टक्क्यांत येणाऱ्याला राज्याच्या विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळतो. हा कायदा १९९७ चा. ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्साসनं (यूटी) आपल्यापुरती ही मर्यादा आणखी खाली आणली आहे. २०२६ च्या प्रवेशापासून ती ५ टक्के आहे. अत्यंत चुरशीच्या शाळेत सगळीकडे ‘ए’ मिळवणारी मुलगीसुद्धा या ५ टक्क्यांच्या बाहेर राहते. जरा कमी गाजलेल्या शाळेत ती सहज आत असती. (आत असली तरी कॉम्प्युटर सायन्सची जागा त्यानं पक्की होत नाही, ती वेगळी स्पर्धा.) मूल सातवी-आठवीत असेल तर टेक्सासमध्ये शाळा निवडताना हा हिशोब घराच्या किमतीइतकाच महत्त्वाचा.

मग बघायचं काय? हायस्कूलचा कोर्स कॅटलॉग उतरवून घ्या: एपीचे (कॉलेजच्या पातळीचे) किती विषय आहेत, कॅल्क्युलसच्या पुढे काही आहे का, बँड, ऑर्केस्ट्रा, रोबोटिक्स. मिडल स्कूलमध्ये अल्जिब्रा वन, म्हणजे बीजगणिताचा पहिला कोर्स, कोणाला आणि कशाच्या जोरावर मिळतो ते विचारा. शिक्षक किती टिकतात तेही विचारा, प्रिन्सिपल दर दोन वर्षांनी बदलत असेल तर त्यातून बरंच कळतं. अर्ज करून जायच्या शाळांची चौकशी वेगळी करा. ग्विनेट काउंटीतली गणित-विज्ञान-तंत्रज्ञानाची शाळा पात्र मुलांतून सोडत काढते. डरॅममधली नॉर्थ कॅरोलिना स्कूल ऑफ सायन्स अँड मॅथेमॅटिक्स ही १९८० पासूनची सरकारी निवासी शाळा. अशा ठिकाणी राज्याचे किंवा काउंटीचे रहिवासी असणं लागतं, म्हणून अर्जाच्या तारखा हलण्याआधीच टिपून ठेवा. चार वर्षांचं मूल असेल तर जॉर्जियाचं मोफत प्री-के विसरू नका. तेही लॉटरीच्याच पैशातून चालतं, जागा मर्यादित.

माणसं, रस्ते आणि शेजार

आपली माणसं कुठे आहेत हे शोधणं अवघड नाही. अटलांटा, डॅलस, ह्यूस्टन, ऑस्टिन, शार्लट, सगळीकडे मराठी मंडळं आहेत. १९८१ पासून चाललेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं २०१९ चं अधिवेशन डॅलसलाच झालं होतं. मंडळाला पत्र टाका आणि नेमकं विचारा: रविवारची मराठी शाळा कुठे भरते, ढोल-ताशाचा सराव कुठे, तुमच्या मुलांच्या वयाची मुलं कोणत्या भागात आहेत? मग अंतर मोजा, तेही शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजताचं. अल्फारेटातून रिव्हरडेलच्या हिंदू टेंपल ऑफ अटलांटाला जायचं म्हणजे सगळं शहर ओलांडायचं. उलट मॉरिसव्हिलमध्ये हिंदू सोसायटीचं मंदिर आणि क्रिकेटचं मैदान दोन्ही घराजवळ. सार्वजनिक वाहतुकीवर विसंबू नका. अटलांटाची मार्टा ही बस-रेल्वे सेवा फोर्साइथपर्यंत जात नाही, आणि ग्विनेटच्या मतदारांनी २०१९ मध्येही तिला नकार दिला. इकडे येणाऱ्या आजी-आजोबांना गाडीशिवाय दुकानापर्यंत चालत जाता येईल का, फूटपाथ आहे का, हे बघितलं नाही तर ते सहा महिने घरात कोंडले जातात.

निव्वळ ‘देशी’ गर्दीवरून भाग निवडू नका, असं मी म्हणेन. ज्या वर्गात निम्मी मुलं आपल्यासारखी, तिथे डबा उघडायला लाज वाटत नाही हे खरं. पण तिथेच कुमॉन, मॅथ ऑलिंपियाड आणि पालकांमधली तुलनाही येते. दोन्ही बाजू तुमच्या मुलाच्या स्वभावाला लावून बघा.

शेजारी पहिल्या भेटीतच ‘तुम्ही कोणत्या चर्चला जाता?’ असं विचारतील. बहुतेक वेळा ते आपुलकीनं असतं. सरळ उत्तर द्यावं, दिवाळीला बोलवावं. उन्हाळ्यात चर्चमधली व्हेकेशन बायबल स्कूल स्वस्तात मुलं सांभाळतात, पाठवायचं की नाही ते घरात आधीच ठरवा. जागेचा इतिहासही ठाऊक असू द्या. आज भारतीय कुटुंबांनी गजबजलेल्या फोर्साइथ काउंटीतून १९१२ मध्ये काळ्या रहिवाशांना हाकलून दिलं होतं, आणि त्या वर्णभेदाविरुद्ध १९८७ मध्ये तिथे मोठे मोर्चे निघाले. मुलं मोठी झाली की विचारतात.

पहिलं वर्ष भाड्यानं

यात मतभेद असतील, पण मी आग्रहानं सांगेन: ज्या हायस्कूलची हद्द हवी तिथेच वर्षभर भाड्यानं राहा. नवा मुलूख कळायला एक उन्हाळा आणि एक वादळ अनुभवावं लागतं. घर घेताना टेक्सासमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही म्हणून हुरळून जाऊ नका. प्रॉपर्टी टॅक्स भक्कम आहे, त्यात मोठा वाटा आयएसडीचा, आणि नव्या वसाहतींत पाणी-सांडपाण्यासाठी ‘मड’ डिस्ट्रिक्टचा कर वेगळा. पूर्ण दर मागून घ्या आणि मासिक हप्त्यात धरा. ह्यूस्टनकडे पुराचा नकाशा बघितल्याशिवाय सही नको. २०१७ च्या हार्वी वादळात अ‍ॅडिक्स आणि बार्कर धरणांच्या वरच्या अंगाला जी घरं बुडाली, त्यांतली बरीच अधिकृत पूररेषेबाहेर होती. पुराचा विमा घराच्या विम्यात येत नाही, आणि सरकारी योजनेतला साधारणतः ३० दिवसांनी लागू होतो. डॅलसकडे गारांमुळे छपराच्या विम्याची अट वाचा, जॉर्जियात वाळवीची तपासणी करून घ्या. एचओएचे (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेचे) नियम मात्र घर भाड्याचं असलं तरी आधीच वाचा. मागच्या अंगणात पापड वाळत घालण्यावरूनही पत्र येऊ शकतं.

तारखा आणि फाईल

न्यू जर्सीत शाळा जूनच्या उत्तरार्धात सुटते आणि सप्टेंबरात भरते. जॉर्जियात ती ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भरते, टेक्सासमध्येही ऑगस्टच्या मध्यापर्यंत. म्हणजे हातात जेमतेम सहा आठवडे. घर बघायला जायचं ते मार्च-एप्रिलमध्ये, शाळा चालू असताना. सकाळी मुलं बसला उभी असतात त्या वेळी गल्लीत चक्कर मारा, मग शाळेच्या ऑफिसात वेळ घेऊन जा.

जॉर्जियात लसीकरणाचा ३२३१ आणि डोळे-कान-दात तपासणीचा ३३०० असे दोन फॉर्म लागतात. दुसऱ्या राज्याचा दाखला तसाच चालत नाही. काउंटीच्या आरोग्य खात्यात तो उतरवून मिळतो. हेपटायटिस ए जॉर्जियात आणि टेक्सासमध्येही सक्तीचं आहे, ते निघण्याआधीच देऊन टाका. राहत्या पत्त्याचा पुरावा म्हणून लीज (भाडेकरार) आणि विजेचं बिल मागतात. नव्या घराचं क्लोजिंग, म्हणजे खरेदीचा शेवटचा व्यवहार, लांबलं तर बिल्डरचा करार चालेल का ते आधी विचारा. जुन्या शाळेकडून शिक्का मारलेली मार्कांची यादी घ्या, गणिताच्या अभ्यासक्रमाची प्रत घ्या, आणि गिफ्टेडची (विशेष हुशार मुलांच्या वर्गाची) चाचणी झाली असेल तर तिचे गुणही. गिफ्टेडचा दर्जा आपोआप पुढे चालत नाही, नवं राज्य आपले निकष लावतं. मुलाचा आयईपी (विशेष गरजांच्या मुलासाठीचा वैयक्तिक शिक्षण आराखडा) असेल तर नव्या डिस्ट्रिक्टनं नवा आयईपी होईपर्यंत त्याच्याशी जुळणाऱ्या सेवा द्यायच्या, असा केंद्राचा कायदा आहे. आयईपीची ताजी प्रत पहिल्याच दिवशी दाखवा. ही सगळी फाईल मूव्हर्सच्या ट्रकमध्ये टाकू नका, गाडीत स्वतःजवळ ठेवा. ट्रक आठवडाभर उशिरा येतो, शाळा थांबत नाही.