क्लॉड कोडची हिस्टरी दुसऱ्या संगणकावर न्यायची आहे?

मे महिन्यात नागपुरात भरदुपारी लाईन गेली की कूलर आणि डेस्कटॉप एकदमच बंद पडतात. मग लॅपटॉप उघडायचा. गिटमुळे (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) कोड तिथे येतो, पण क्लॉड कोड या कोड लिहिणाऱ्या एआय सहाय्यकाशी झालेली चर्चा धरमपेठेतल्या डेस्कटॉपवरच अडकून राहते. बग कुठे सापडला, कोणता उपाय का सोडून दिला, सगळं त्या चर्चेत असतं. ती लॅपटॉपवर आणता येते, आणि त्यासाठी गूगल ड्राइव्ह किंवा व्हॉट्सअ‍ॅप लागत नाही. उलट ही दोन्ही टाळलेलीच बरी.

क्लॉड कोड आपली हिस्टरी होम फोल्डरातल्या ‘डॉट क्लॉड’ या फोल्डरात ठेवतं. नाव टिंबाने सुरू होत असल्याने मॅक आणि लिनक्सवर ते लपलेलं असतं. आत ‘प्रोजेक्ट्स’ फोल्डर आहे. त्यात प्रत्येक प्रकल्पाचं एक फोल्डर आणि प्रत्येक संभाषणाची एक फाइल असते. कोडेक्स या दुसऱ्या सहाय्यकाचंही साधारण असंच: ‘डॉट कोडेक्स’मध्ये ‘सेशन्स’, त्यात वर्ष, महिना, दिवस अशी फोल्डरं. कर्सर हा एआय असलेला कोड एडिटर मात्र हिस्टरी डेटाबेसमध्ये साठवतो. तिथे फाइली उचलून नेण्याची ही पद्धत चालत नाही, म्हणून त्याला इथे हात लावत नाही.

आधी आत काय आहे ते बघा

या फाइली साध्या मजकुराच्या असतात, कुलूप कसलंच नसतं. सहाय्यकाने वाचलेल्या फाइली, चालवलेल्या कमांड आणि त्यांचं आउटपुट, सगळं त्यात उतरतं. त्याने एकदा जरी तुमची एन्व्ह फाइल (प्रकल्पाचे पासवर्ड आणि सेटिंग्ज ठेवायची फाइल) उघडली असेल, तर डेटाबेसचा पासवर्ड तिथे जसाच्या तसा पडलेला असू शकतो. म्हणून हलवण्याआधी ‘प्रोजेक्ट्स’ फोल्डरात ग्रेपने (फाइलींत शब्द शोधणारी कमांड) पासवर्ड, टोकन, सीक्रेट असे शब्द इंग्रजी अक्षरांत शोधा. काही सापडलं तर पहिलं काम म्हणजे तो पासवर्ड किंवा टोकन रद्द करून नवं घेणे. फाइलमधली अख्खी ओळ मात्र उडवू नका. प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीशी ओळख-क्रमांकाने जोडलेली असते. मधली ओळ गेली की साखळी तुटते. मूळ फाइलची प्रत ठेवा आणि तेवढा गुप्त शब्द बदलून दुसरं काहीतरी लिहा.

कामाचा कोड कंपनीचा असेल तर घरच्या संगणकावर आणण्याआधी विचारून घ्या. गायत्रीनगरच्या आयटी पार्कात नोकरी असो की मिहानमध्ये, हा प्रश्न नंतर निघाला तर महागात पडतो.

३० दिवसांची अट

हे बरेच जण विसरतात. क्लॉड कोड मुळातच ३० दिवसांहून जुनी संभाषणं सुरू होताना पुसून टाकतं. तुम्ही तारखा जपून फाइली नेल्या आणि नव्या लॅपटॉपवर क्लॉड कोड उघडलं, तर जुनी हिस्टरी लगेच साफ होऊ शकते. म्हणून दोन्ही संगणकांच्या सेटिंग्ज फाइलमध्ये ही मुदत आधी वाढवा.

न्यायचं कसं

दोन्ही संगणकांवर सहाय्यक बंद करा. मग ‘प्रोजेक्ट्स’ फोल्डर सेव्हन-झिप या प्रोग्रामने एका फाइलीत बांधा, पासवर्ड लावा आणि फाइलींची नावंही लपवायचा पर्याय निवडा. त्याने एईएस-२५६ एन्क्रिप्शन, म्हणजे पक्कं कुलूप मिळतं. आता ती फाइल बर्डीवरून घेतलेल्या साध्या पेन ड्राइव्हवर टाकली तरी हरकत नाही. पेन ड्राइव्हवरून पुसलेलं परत काढता येतं, म्हणून कुलूप आधी आणि कॉपी नंतर.

दोन्ही संगणक शेजारी असतील तर आरसिंक ही फाइली कॉपी करणारी कमांड वापरा, ती एसएसएच या सुरक्षित जोडणीवरून जाते. होस्टेलच्या वायफायवर यंत्रांना एकमेकांशी बोलू देत नसतील तर मोबाइलचं हॉटस्पॉट सुरू करून दोघांना त्यावर जोडा. रोजच ये-जा असेल तर दोन संगणकांतली फोल्डरं सारखी ठेवणारं सिंकथिंग चांगलं. त्यात बाहेरच्या सर्व्हरची मदत घेणारे ग्लोबल डिस्कव्हरी आणि रिले हे पर्याय बंद केले की माहिती घरातल्या घरातच फिरते. फक्त एकच संभाषण दोन्हीकडे एकाच वेळी उघडू नका, नाहीतर एकाच फाइलच्या दोन वेगळ्या प्रती होतील.

लॉगिनच्या फाइली नेऊच नका. लिनक्सवर क्रेडेन्शियल्सची फाइल ‘डॉट क्लॉड’मध्येच असते आणि कोडेक्सची ‘ऑथ’ ही लॉगिनची फाइलही त्याच्या फोल्डरात असते, म्हणून अख्खं फोल्डर उचलू नये. नव्या संगणकावर नव्याने लॉगिन करा.

फोल्डरचं नाव जुळवा

फाइली पोचल्या तरी यादी रिकामी दिसते, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. प्रकल्पाच्या फोल्डरचं नाव म्हणजे त्याचा पूर्ण पत्ता, फक्त तिरक्या रेघा, टिंब, स्पेस अशा चिन्हांच्या जागी आडव्या रेघा. डेस्कटॉपवर युजरचं नाव ‘अमोल’ आणि लॅपटॉपवर ‘अमोलभाऊ’ असेल तर पत्ता बदलला, आणि सहाय्यक भलत्याच फोल्डरात शोधत बसतो. सोपा उपाय: नव्या संगणकावर त्या प्रकल्पात एकदा क्लॉड कोड सुरू करून ‘हॅलो’ पाठवा. योग्य नावाचं फोल्डर आपोआप तयार होईल. जुन्या फाइली त्यात ओता. विंडोजवरून लिनक्सवर जातानाही हेच करा.

मग गिटने कोड त्याच कमिटवर, म्हणजे डेस्कटॉपवर होता त्याच टप्प्यावर आणा आणि प्रकल्पाच्या फोल्डरातून ‘रिझ्यूम’ ही संभाषण पुढे चालू करायची कमांड द्या. संभाषण पुढे चालू केलं की जुना मजकूर पुन्हा सहाय्यकाच्या कंपनीच्या सर्व्हरकडे जातो, म्हणजे हा खासगीपणा वाटेतल्या इतरांपासूनचा आहे, मॉडेल चालवणाऱ्यापासूनचा नाही. उत्तर नीट जोडून आलं की पेन ड्राइव्हवरची बांधलेली फाइल काढून टाका.