गाडीतल्या कॉम्प्रेसरची लाइन तापते? या चुका टाळा

मुळशीच्या बाजूला दिवसभर चिखलात खेळून झालं की डांबरी रस्त्याला लागायच्या आधी, चिखलासाठी कमी केलेली चारही टायरांतली हवा गाडीतल्या छोट्या कॉम्प्रेसरने पुन्हा भरायची, हा आमचा नेम. दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या टायरला बॉनेटखालून ‘फट्ट’ असा आवाज आला आणि पाठोपाठ जळक्या प्लास्टिकचा वास. कॉम्प्रेसर गेला, असंच सगळ्यांना वाटलं. तो ठणठणीत होता. त्याच्या तोंडाशी लावलेली निळी पीयू (पॉलीयुरेथेन प्लास्टिकची) नळी पुश फिटिंगमधून, म्हणजे नळी नुसती दाबून बसवायच्या जोडातून, निसटली होती आणि तिचं टोक चावून थुंकलेल्या च्युइंगमसारखं झालं होतं. बसवणाऱ्याने मला नळीवर छापलेला दाब दाखवला होता, आणि तो भरपूर होता. ती नळी किती तापमानाची, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

हवा दाबली की तापते. सायकलला पंप मारताना पंपाचं बूड हाताला चटका देतं, तीच गोष्ट. ३० अंशांची हवा एका दमात ३५ पीएसआयपर्यंत (टायरचा दाब मोजायचं माप) दाबली तर कागदावरच्या हिशोबाने ती १५० अंशांच्या पुढे जाते, आणि १०० पीएसआयला अडीचशेच्या पुढे. प्रत्यक्षात कॉम्प्रेसरचा सिलिंडर आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, बरीच उष्णता खातात, म्हणून नळीत शिरणारी हवा एवढी गरम नसते. तरी सलग पाच-सात मिनिटं कॉम्प्रेसर चालला की तोंडाशी शंभरी सहज ओलांडली जाते. साधी पीयू नळी साधारण ६० अंशांपर्यंतच भरवशाची. त्यावर ती मऊ पडते, आणि मऊ नळीला पुश फिटिंगचे दात धरून ठेवू शकत नाहीत. माझ्याकडे नेमकं हेच झालं होतं.

तोंडापासूनच प्लास्टिक

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबतो. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत जा आणि एअर ब्रेकवाल्या कुठल्याही ट्रकखाली वाकून बघा. कॉम्प्रेसरमधून निघणारा पाइप लोखंडी असतो, नाहीतर स्टीलच्या जाळीतली टेफ्लॉनची नळी. ती हवा थंड होत एअर ड्रायरपर्यंत जाते आणि नायलॉनच्या नळ्या त्याच्या पुढे सुरू होतात. ट्रकवाल्यांनी हा प्रश्न आपल्या किती तरी आधी सोडवलाय. आपण मात्र ऑनलाइन किट मागवतो आणि त्यातली रंगीत नळी थेट हेडला जोडतो.

पहिली मीटरभर लाइन स्टीलच्या जाळीतल्या टेफ्लॉनचीच हवी. ती दोनशे अंशांच्या पुढेही टिकते. चांगल्या कॉम्प्रेसरबरोबर अशी आखूड नळी येतेच. ती ‘जागेत बसत नाही’ म्हणून काढून टाकणारे फिटर मी पाहिलेत. त्यांच्याकडून ती परत मागून घ्या. पुढे जागा असेल तर अर्धा-पाऊण मीटर तांब्याचा पाइप टाका. एसी दुरुस्त करणाऱ्याकडे तो मिळतो आणि फ्लेअर नटही तोच करून देतो. तांबं उष्णता पटकन बाहेर टाकतं. पण तांब्याला हादरे सोसत नाहीत. कॉम्प्रेसर रबरी बुशांवर थरथरत असतो, म्हणून त्याच्या तोंडाला थेट तांबं नको. आधी जाळीची नळी, मग बॉडीला क्लिपा मारून घट्ट धरलेलं तांबं, आणि त्यानंतर हवं ते प्लास्टिक.

पुश फिटिंगच्या आत रबराची ओ-रिंग असते, तीही उष्णतेने कडक होऊन तडकते. नळी बदलून फिटिंग तेच ठेवलं तर महिन्याभरात पुन्हा गळती. गरम टप्प्यात पितळी आट्यांचे जोडच वापरा.

उष्णता अडवायच्या नादात कोंडणं

सायलेन्सरला गुंडाळायची पट्टी कॉम्प्रेसरच्या नळीला गुंडाळलेली मी दोन गाड्यांवर पाहिली. दिसायला झकास. पण ही नळी आतून तापते. तिला गोधडी पांघरली तर आतली उष्णता आतच राहते आणि पुढच्या प्लास्टिकपर्यंत सुखरूप पोचते. चंदेरी स्लीव्ह कामाची आहे ती पुढच्या थंड टप्प्यावर, जिथे नायलॉनची नळी मॅनिफोल्ड (इंजिनातला जळका वायू बाहेर नेणारा भाग) किंवा सायलेन्सरजवळून जाते. डिफरन्शियल लॉकरची (एक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं, हवेवर चालणारं कुलूप) बारीक नळी मागे एक्सलपर्यंत नेताना हे हमखास विसरलं जातं. ती सायलेन्सरपासून वीतभर तरी लांब ठेवा. जागाच नसेल तर मधे पत्रा लावा.

वॉटर ट्रॅप चुकीच्या जागी

सह्याद्रीतल्या पावसाळ्यात हवेत पाणी किती असतं ते वेगळं सांगायला नको. ते अडवायला लाइनमध्ये वॉटर ट्रॅप बसवतात. तरी लोक म्हणतात, ‘ट्रॅप बसवलाय, पण त्यात थेंब येत नाही आणि नळीच्या टोकातून फवारा उडतो.’ कारण ट्रॅप कॉम्प्रेसरला चिकटून बसवलेला असतो. गरम हवेत पाणी वाफेच्या रूपात असतं आणि ट्रॅपला वाफ धरता येत नाही. हवा थंड झाली की पाणी सुटतं, म्हणून ट्रॅप तांब्याच्या पाइपच्या किंवा हवेच्या टाकीच्या पुढे बसवायला हवा. शिवाय त्याची पारदर्शक वाटी बहुधा पॉलीकार्बोनेटची असते, तीही ६० अंशांच्या आसपासच्या मर्यादेची. दाबाखाली ती तडकली तर तुकडे डोळ्यांत जातील. पत्र्याचं कवच असलेली घ्या. गाडीत छोटी टाकी असेल तर तिचा ड्रेन कॉक पावसाळ्यात रोज उघडा, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नसलेली टाकी गाडीत ठेवूच नका.

जागा, वायर आणि बाकीचं

कॉम्प्रेसर टर्बो आणि मॅनिफोल्डच्या विरुद्ध बाजूला बसवा. आत ओढली जाणारी हवाही महत्त्वाची. फिल्टर बॉनेटखालची ७० अंशांची हवा ओढत असेल तर वरच्याच कागदी हिशोबाने, ३५ पीएसआयला बाहेर पडणारी हवा पन्नासहून जास्त अंशांनी गरम होते. आत ४० अंश वाढले की बाहेर त्याहून जास्त वाढतात. फिल्टर वेगळ्या नळीने समोरच्या काचेखालच्या जाळीजवळ, उंच आणि कोरड्या जागी नेता येतो. ओढा ओलांडतानाही तो तिथे वाचतो.

वायर बारीक असली की कॉम्प्रेसरपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोचत नाही. मोटर सावकाश फिरते, तेवढ्याच हवेला जास्त वेळ लागतो आणि तेवढा वेळ सगळंच तापत राहतं. बॅटरीपासून थेट जाड वायर, फ्यूज, रिले आणि स्वच्छ अर्थ हवा. हवा भरताना इंजिन चालू आणि बॉनेट उघडं ठेवा. लायटरच्या सॉकेटवर फक्त छोटे पंप चालवायचे.

आता तेल. बहुतेक १२ व्होल्टचे कॉम्प्रेसर बिनतेलाचे असतात. ‘आवाज करतोय’ म्हणून फिल्टरमधून तेलाचे चार थेंब सोडले की धूळ चिकटून पिस्टनची टेफ्लॉन रिंग झिजते. आणि तापलेल्या हेडवर बाटलीतलं पाणी तर अजिबात ओतू नका. मी हे प्रत्यक्ष पाहिलंय, आणि ओतणारे गृहस्थ इंजिनीअर होते.

३३ टक्के म्हणजे काय

डब्यावर ३३ टक्के ड्यूटी सायकल लिहिलं असेल तर ढोबळमानाने दहा मिनिटं चालवा आणि वीस मिनिटं थांबा. हा आकडा बहुधा बाविसेक अंशांच्या हवेत मोजलेला असतो. मे महिन्यात विदर्भात किंवा जैसलमेरच्या वाळूत त्यावर विसंबू नका. थारसारख्या गाडीच्या २५५/६५ आर१८ टायरात साधारण ६५ लिटर जागा असते. १८ वरून ३२ पीएसआयला न्यायला प्रत्येकी साधारण तेवढीच, चार टायरांना मिळून अडीचशे लिटर साधी, न दाबलेली हवा लागते. मिनिटाला ७० लिटर देणाऱ्या कॉम्प्रेसरला हे सहज जमतं. ३५ लिटरवाल्याला डब्यावरच्या आकड्याप्रमाणेही सात-आठ मिनिटं लागतात, आणि तो आकडा टायरचा दाब नसतानाचा असतो. तेव्हा दोन टायरांनंतर त्याला विश्रांती द्या. मधेच जास्त तापल्यावर वीज तोडणाऱ्या थर्मल कटआउटने तो बंद पडला तर तो बिघाड नव्हे. कटआउट बायपास करून देणारा मेकॅनिक भेटला तर त्याला चहा पाजा आणि गाडी घरी घेऊन जा.

लक्षणांवरून ओळख

टायर नीट भरतोय, पण पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागतोय आणि हेड लवकर तापतंय: आधी फिल्टर आणि नळीतली वाकलेली जागा बघा. लाइन चेपली की टायरात ३० असले तरी हेडला त्याहून बराच जास्त दाब सोसावा लागतो.

टाकी भरून कॉम्प्रेसर बंद होतो, पण पुन्हा चालू होताना फ्यूज उडतो: टाकीतली हवा उलटी येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर संशय घ्या. टाकीचा दाब उलटा पिस्टनवर येतोय आणि मोटरला पहिला फेराच फिरवता येत नाहीये. खात्री करायची असेल तर टाकी भरलेली असताना कॉम्प्रेसर बंद करा, गार होऊ द्या, फिल्टर काढा आणि त्या भोकाशी साबणाच्या पाण्याचा पडदा धरा. फुगा आला की व्हॉल्व्ह गळतोय. तो लगेच फेकू नका. टाकी रिकामी करून व्हॉल्व्ह खोला. माझ्या व्हॉल्व्हच्या सीटवर टेफ्लॉन टेपचा तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा तुकडा अडकला होता, जोड करताना मीच सैल हाताने गुंडाळलेला. तेव्हापासून त्या जोडाला आट्यांना लावायचं द्रव सीलंट वापरतो, तेही पहिले दोन आटे कोरडे ठेवून.