उन्हाळ्यात लॉनला पाणी देताना या चुका टाळा

मराठवाड्यात एप्रिल उजाडताच लॉन पिवळे पडू लागते आणि बहुतेक जण लगेच पाणी वाढवतात. पाणी कसे दिले जाते, हे मात्र क्वचितच कोणी पाहतो.

सर्वांत महागडी चूक म्हणजे रोज संध्याकाळी पाइपच्या तोंडावर अंगठा धरून वरवर पाणी शिंपडणे. छत्रपती संभाजीनगरमधील एका सोसायटीत विकतच्या टँकरवर हेच चालले होते आणि तरीही लॉनवर चट्टे पडल्याने सचिव बुरशीनाशक आणून तयार होते. पाणी देऊन तासभर झाल्यावर मी लांब स्क्रूड्रायव्हर जमिनीत खुपसला, तर तो जेमतेम इंचभर गेला. खाली माती खडखडीत होती. ओल वरच राहिल्याने हरळीची मुळेही वरच राहिली होती आणि उन्हात सर्वांत आधी तोच थर सुकत होता. रोजचे शिंपण बंद करून तीन-चार दिवसांआड पहाटे भरपूर पाणी देण्यास मी सांगितले. काळ्या मातीत पाणी सावकाश मुरते; म्हणून दहा मिनिटे स्प्रिंकलर चालवून अर्धा तास थांबावे आणि पुन्हा चालवावे, अन्यथा विकतचे पाणी रस्त्यावर वाहते. पहिल्या आठवड्यात रंग आणखी उतरला, तेव्हा अनेकांचा धीर सुटला. उद्या सकाळी हिरवे लॉन हवे असणाऱ्यांनी प्लास्टिकचे अंथरावे. महिन्याभरात स्क्रूड्रायव्हर सहज खोल जाऊ लागला आणि टँकरही कमी लागू लागले.

दुसरी चूक म्हणजे अंदाजाने पाणी सोडणे. मी सपाट बुडाचे चार-पाच डबे लॉनवर ठेवतो आणि साचलेले पाणी पट्टीने मोजतो. एक चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे 1 लिटर. म्हणजे 100 चौरस मीटर लॉनला 25 मिलिमीटर देण्यास 2,500 लिटर लागतात. चाललेल्या पावलांचे ठसे गवतावर तसेच राहू लागले आणि रंग निळसर-राखाडी दिसू लागला, की पाण्याची वेळ झाली असे समजावे. टायमर लावून निर्धास्त होणाऱ्यांना हे कधीच दिसत नाही.

भर दुपारी पाणी देऊ नये. थेंबांनी पाती जळतात हा समज खोटा आहे, पण ऊन-वाऱ्यात पाणी वाया जाते हे खरे. मे महिन्यात युरिया टाकू नये. कापणीत पात्याचा एक तृतीयांशाहून अधिक भाग काढू नये.

टंचाईत हरळी खुशाल तपकिरी पडू द्यावी. पावसानंतर ती पुन्हा फुटते. मे महिन्यात नवे लॉन अंथरणाऱ्यांसाठी मात्र माझ्याकडे उपाय नाही. त्यांनी जूनपर्यंत थांबावे.