परदेशात फोन चोरीला गेला तर? निघण्याआधीच या चुका टाळा

लोकलच्या दारात उभं राहून फोनवर बोलू नये, हे ठाणेकराला शिकवावं लागत नाही. कळवा-मुंब्र्याच्या पट्ट्यात रुळांलगत उभं राहून हातावर काठीचा फटका मारणाऱ्यांचे किस्से आपण लहानपणापासून ऐकलेले असतात. पण तेच आपण युरोपात उतरलो की भलतेच निर्धास्त होतो.

गेल्या मे महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचं पॅरिसच्या मेट्रोत हेच झालं. दाराशेजारी बसून ती फोनवर पुढचं स्टेशन बघत होती. दार बंद होण्याचा भोंगा वाजला आणि त्याच क्षणी एका पोराने फोन खेचून बाहेर उडी मारली. दार लागलं, गाडी सुटली. मेहुण्यांच्या फोनवरून तिचा फोन आला, "दादा, आता काय करू?" तिथे संध्याकाळचे साडेसात, इकडे नौपाड्यात रात्रीचे अकरा.

खरी अडचण तिथून सुरू झाली. तिचा आयफोन. दुसऱ्या कुठल्याही फोनच्या ब्राउझरवरून आयक्लाउडमध्ये जाऊन तो लॉक करता येतो आणि त्यासाठी वेगळा कोड लागत नाही. पण पासवर्ड लागतो, आणि तो चोरीला गेलेल्या फोनमध्येच सेव्ह होता. शेवटी खारघरच्या घरी सासूबाईंनी कपाटातली जुनी डायरी शोधून तो अक्षर-अक्षर वाचून दाखवला. यात तासभर गेला. फोन उघड्या स्क्रीनने गेला होता, त्यामुळे हा तास फार मोलाचा होता.

सगळ्या किल्ल्या एकाच फोनमध्ये ठेवणं ही माझ्या मते सर्वांत मोठी चूक. अँड्रॉइडवाल्यांची गत याहून अवघड. दुसऱ्याच्या फोनवरून गुगलमध्ये लॉगिन करायला गेलात की मंजुरी मागितली जाते ती चोरीला गेलेल्याच फोनवर. त्या मंजुरीऐवजी टाकता येणारे गुगलचे १० बॅकअप कोड मिळतात. ते छापून पासपोर्टच्या पाकिटात ठेवा. बँकेचे ओटीपी भारतातल्या सिमवर येतात. डुप्लिकेट सिम सहसा परत आल्यावरच मिळतं, आणि मिळाल्यावरही पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. म्हणून एक कार्ड वेगळ्या बॅगेत हवंच. बँकेचा परदेशातून लागणारा नंबरही कागदावर लिहून घ्या. १८०० ने सुरू होणारे नंबर तिथून बहुतेकदा लागत नाहीत.

सिमला पिन नसणं ही दुसरी चूक. फोन लॉक असला तरी चोर सिम काढून स्वतःच्या फोनमध्ये घालतो आणि तुमचे ओटीपी त्याला मिळू लागतात. मात्र पिन लावण्याआधी सिमचा मूळ पिन कंपनीकडून विचारून घ्या. तीनदा चुकलात तर सिम अडकतं. व्हॉट्सअ‍ॅपलाही टू-स्टेप पिन लावा.

लॉक स्क्रीनवरून फ्लाइट मोड चालू होत असेल तर फोनचं लोकेशन शोधणं अवघड होतं. आयफोनमध्ये फेस आयडीच्या सेटिंगमध्ये जाऊन लॉक असताना कंट्रोल सेंटर उघडणं बंद करा. २०२४ पासून आयफोनला 'स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन' आहे, म्हणजे चोराला फोनचा पासकोड कळला तरी तेवढ्यावर अकाउंटचा पासवर्ड बदलू न देणारी सोय. अँड्रॉइड १० आणि पुढच्या बऱ्याच फोनमध्ये हातातून हिसका बसला की स्क्रीन आपोआप लॉक करणारी सोय आली आहे. दोन्ही सोयी चालू आहेत ना, हे सेटिंगमध्ये जाऊन बघा.

रस्त्यावरचं थोडक्यात सांगतो. लंडनमध्ये ई-बाइकवरून येऊन फोन खेचतात, त्यामुळे फुटपाथच्या कडेला उभं राहून नकाशा बघू नका, दुकानाच्या भिंतीला पाठ लावा. बार्सिलोनाच्या ला राम्ब्लावर कॅफेच्या टेबलावर फोन ठेवू नका. कुणी नकाशा किंवा कागद पुढे धरून काही विचारतो आणि त्या कागदाखालून फोन उचलतो.

फोन गेल्यानंतरची चूक बहिणीच्या हातून अगदी होता होता राहिली. लॉक केलेल्या स्क्रीनवर तिने मेहुण्यांचा नंबर टाकला होता. दोन दिवसांनी त्याच नंबरवर मेसेज आला, 'तुमचा फोन सापडला आहे, इथे लॉगिन करा.' आनंदाच्या भरात ती लिंक उघडणारच होती. ते पान पासवर्ड काढून घेण्यासाठीच बनवलेलं असतं. फोन अकाउंटमधून काढूनही टाकू नका, काढलात की तो चोराला नव्यासारखा वापरता येतो.

स्थानिक पोलिसांत तक्रार करून त्याची प्रत घ्याच, कारण विम्याचा दावा त्यावरच चालतो. आपल्या केंद्र सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवरून केलेलं ब्लॉकिंग भारतातल्या नेटवर्कपुरतं असतं, पॅरिसमध्ये त्याने फोन थांबत नाही. तक्रारीला आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक लागतो. तो *#०६# डायल केल्यावर दिसतो, फोनच्या खोक्यावरही असतो. पण खोकं खारघरला आणि तुम्ही पॅरिसला, म्हणून त्याचा फोटो जोडीदाराच्या फोनमध्ये ठेवा.

आणि निघायच्या आदल्या रात्री, बॅगा भरून झाल्यावर, जोडीदाराच्या फोनवरून तुमचा फोन एकदा शोधून बघा. पासवर्ड आठवत नसेल तर ते घरीच कळलेलं बरं.