रशियाच्या हिवाळ्यासाठी बॅग कशी भरावी आणि तिथल्या घरच्या जेवणाला कसं बसावं

जानेवारीत मॉस्कोला निघालेला माणूस बहुतेक वेळा एकाच हवामानाची तयारी करतो, म्हणजे बर्फाची. प्रत्यक्षात दिवसभर दोन हवामानांतून ये-जा करावी लागते. रस्त्यावर उणे 10, एखाद्या लाटेत उणे 25. घरात, मेट्रोत, दुकानात मात्र 22 ते 24 अंश. स्वेटरवर स्वेटर चढवून गेलेला पाहुणा जेवणाच्या टेबलाशी घामाने निथळतो आणि बाहेर पडला की तोच घाम त्याला गारठवतो. तेव्हा बॅगेत काहीही टाकण्याआधी एक पाहा: हे अर्ध्या मिनिटात अंगावरून उतरवता येतं का?

घरं इतकी गरम असतात ती शहराच्या सामायिक व्यवस्थेमुळे. सलग 5 दिवस सरासरी तापमान 8 अंशांच्या खाली राहिलं की गरम पाण्याचे रेडिएटर शहरभर सुरू होतात, आणि जुन्या इमारतींत ते कमी-जास्त करायची सोयच नसते. फार उकडलं की खिडकीचं वरचं छोटं झडपेसारखं तावदान, फोर्तोच्का, उघडतात. याचा प्रवाशाला मोठा फायदा आहे: रात्री धुतलेलं थर्मल (अंगालगत घालायचा उबदार कपडा) रेडिएटरवर सकाळपर्यंत खडखडीत वाळतं, म्हणून कपडे निम्मे नेले तरी चालतात. लोकरी कपडा मात्र रेडिएटरवर थेट टाकू नका, तो आटतो आणि कडक होतो. टॉवेलवर पसरून वाळवा.

अंगावर काय, कशावर काय

अंगालगत सुती बनियन नको. सूत घाम शोषतं आणि ओलंच राहतं, थंडी तिथूनच शिरते. मेरिनो लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं, अंगाला नीट बसणारं थर्मल घ्या. त्यावर फ्लीस किंवा लोकरी स्वेटर, पण पुढून चेन असलेला. डोक्यावरून काढायचा स्वेटर मेट्रोच्या गर्दीत काढता येत नाही. सगळ्यात वर मांडीपर्यंत येणारं, टोपी असलेलं जॅकेट.

जॅकेट निवडताना महिना पाहा. डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी थंडी बहुधा कोरडी असते, तेव्हा पिसांचं जॅकेट सर्वांत हलकं आणि उबदार. नोव्हेंबर किंवा मार्चमध्ये तापमान शून्याच्या आसपास घुटमळतं आणि ओला बर्फ पडतो. पिसं भिजली की त्यांचे गोळे होतात, त्यांच्यात हवा धरली जात नाही आणि ऊब संपते. या दिवसांत कृत्रिम भरावाचं, पाणी न शिरणारं जॅकेट बरं. सेंट पीटर्सबर्गमध्ये पारा मॉस्कोइतका खाली जात नाही, पण फिनलंडच्या आखातावरून दमट वारा येतो. तिथे जाडीपेक्षा वारा अडवणारं कापड महत्त्वाचं.

निघण्यापूर्वी एक बारीक काम करा. जॅकेटच्या कॉलरला आतून अडकवायची नाडी आहे का, ते तपासा. नसेल तर घट्ट शिवून घ्या. नाट्यगृहं, संग्रहालयं आणि बऱ्याच उपाहारगृहांत गार्डेरोब असतो: बाहेरचा कोट तिथे द्यायचा, नंबराचा बिल्ला घ्यायचा. थिएटरच्या आत जॅकेट हातावर घेऊन फिरू देत नाहीत. नाडी नसलेला कोट दिला की सांभाळणाऱ्या आजी बोलून दाखवतात, आणि त्यांचं बरोबरच असतं, कारण शेकडो कोट आकड्यांवर टांगायचे असतात. टोपी, मफलर, हातमोजे जॅकेटच्या बाहीत कोंबून द्या, हरवत नाहीत.

बुटांवर पैसे वाचवू नका. जाड लोकरी मोजा घालून पायाची बोटं हलली पाहिजेत, म्हणून नेहमीपेक्षा एक माप मोठे घ्या. घट्ट बुटात रक्त नीट खेळत नाही आणि मोजा कितीही जाड असला तरी बोटं बधिर होतात. एकावर एक दोन जाड मोजे चढवले की हीच चूक होते. तळवा मऊ रबराचा, खोल खाचांचा हवा. आपल्याकडच्या स्पोर्ट्स शूजचा तळवा थंडीत टणक होऊन काचेसारखा घसरतो. मॉस्कोच्या फुटपाथवर बर्फ वितळवणारे क्षार टाकतात, त्यांचे पांढरे डाग चामड्यावर उमटतात. एक भाग व्हिनेगर आणि दोन भाग पाणी मिसळून त्याच संध्याकाळी पुसा. आठवडाभर तसेच राहिले तर चामडं भेगाळतं.

आठ-दहा दिवसांसाठी एवढं पुरतं: थर्मलचे 2 जोड, चेनचा 1 स्वेटर, 2 पँटी (एक आतून अस्तर असलेली), घरात घालायला 4 पातळ टी-शर्ट किंवा कुर्ते, 3 लोकरी आणि 4 साधे मोजे, कान झाकणारी टोपी, गळ्याभोवती ओढायची लोकरी पट्टी. हातांसाठी आत पातळ मोजे आणि वरून एकाच कप्प्याचे, अंगठा तेवढा वेगळा असलेले मोजे. चारही बोटं एकत्र राहिली की एकमेकांना ऊब देतात. साडी नेसायची असेल तर थिएटरसाठी ठेवा, पण काठ गुडघ्याशी खोचून, आत थर्मल घालून आणि बूट घालूनच निघा. हलक्या चपला पिशवीत घेऊन गार्डेरोबपाशी बदलायच्या. रशियन बायकाही बूट तिथेच बदलतात. जॅकेट आणि बूट विमानात अंगावरच घाला, बॅगेचं वजन दोन-तीन किलोंनी हलकं होतं.

फोन जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा. थंडीत बॅटरी 40 टक्क्यांवर असतानाही बंद पडते. तिथेच रोख पैसे: भारतातल्या बँकांची व्हिसा आणि मास्टरकार्ड मार्च 2022 पासून रशियात चालत नाहीत, म्हणून डॉलर किंवा युरो रोख नेऊन तिथे रूबल करून घ्यावे लागतात.

दाराच्या आत

घरी बोलावणं आलं तर बूट दारातच काढायचे. ही सवय आपल्याला शिकवावी लागत नाही. फरक एवढाच की अनवाणी फिरत नाहीत, यजमान लगेच तापोच्की, म्हणजे घरातल्या सपाता, पुढे करतात. मोज्याला भोक नसावं. उंबरठ्याच्या अलीकडे-पलीकडे उभं राहून हात मिळवू नका, ते अशुभ मानतात. आत पाऊल टाकून मग हात पुढे करा. फुलं नेली तर विषम संख्येत, 5 किंवा 7, कारण सम संख्येची फुलं अंत्यविधीला नेतात. याहून चांगली भेट म्हणजे आसाम किंवा दार्जिलिंगची पानांची चहापत्ती. सोव्हिएत काळात हत्तीचं चित्र असलेला भारतीय चहाचा पुडा घराघरात प्रतिष्ठेचा होता, आणि वयस्कर माणसं तो अजून आठवतात.

जेवणाला क्रम असतो. आधी टेबलभर झाकुस्की: खारवलेली काकडी, आंबवलेली कोबी, सॅलड, काळी राय पाव. इथेच पोट भरू नका, हे फक्त सुरुवातीचं. मग 'पेर्वोये', पहिलं, म्हणजे सूप. मग 'फ्तोरोये', दुसरं, म्हणजे मुख्य पदार्थ. शेवटी कोम्पोत, म्हणजे फळं उकळून केलेलं पेय, किंवा चहा. चहाचा दाट अर्क छोट्या किटलीत केलेला असतो. कपात तो दोन बोटं घ्यायचा आणि वरून उकळतं पाणी. सोबत वारेन्ये, म्हणजे आख्ख्या फळांचा पातळसर मुरंबा, चमच्याने खायचा. दारू घेत नसाल तर 'या न्ये प्यू' (मी पीत नाही) एवढं म्हणा आणि शुभेच्छेच्या वेळी बेरींच्या सरबताचा पेला उचला. पेला न उचलणं मात्र खटकतं.

शाकाहाऱ्यांनी 'बेझ म्यासा' (मांसाशिवाय) एवढ्यावर थांबू नये. मासा त्यात धरला जात नाही, आणि भाजीचं दिसणारं सूप मांसाच्या अर्कात उकळलेलं असतं. खरा उपयोगी शब्द आहे 'पोस्त्नोये'. पोस्त म्हणजे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपास. त्यात मांस, दूध, अंडं तिन्ही वर्ज्य, मासाही बहुतेक दिवस वर्ज्य. ईस्टरच्या आधीचे सात आठवडे आणि 28 नोव्हेंबर ते 6 जानेवारी हे मोठे उपास. त्या दिवसांत पुष्कळ उपाहारगृहांत उपासाचं वेगळं मेनूकार्डच असतं. हे वेळापत्रक पाहून प्रवास आखला तर जेवणाची निम्मी काळजी मिटते. एरवी विनेग्रेत (बीट, बटाटा, गाजर, खारी काकडी, मटार आणि सूर्यफुलाचं तेल), बटाट्याचे वारेनिकी (पिठाच्या पारीत सारण भरून उकडलेले) आणि ग्रेच्का (कुट्टू) सहज मिळतात. वारेनिकीच्या पिठात अंडं आहे का, ते विचारा. ओलिव्ये सॅलड टाळा, त्यात अंडं आणि मांस असतं.

जेवण मिळमिळीत लागेल असं समजून लोणच्याच्या बरण्या नेतात. त्याची गरज नाही. रशियन मोहरीची चटणी आणि ख्रेन नावाच्या मुळाची किसलेली चटणी नाकात झणका आणतात. आणि सगळ्यावर भुरभुरलेली हिरवी पालेभाजी म्हणजे आपला शेपू. तिथे तिला उक्रोप म्हणतात आणि कोथिंबिरीसारखी वापरतात.

परत आल्यावर घरी

'श्ची दा काशा, पीश्चा नाशा' अशी तिथली म्हण आहे: श्ची (कोबीचं सूप) आणि काशा (शिजवलेलं धान्य), हेच आमचं अन्न. बोर्श्च हे बिटाचं सूप जास्त प्रसिद्ध, पण ते मूळचं युक्रेनचं. युनेस्कोने 2022 मध्ये युक्रेनी बोर्श्चच्या परंपरेला तातडीने जपायच्या वारशाच्या यादीत घेतलं. रशियन घरातलं रोजचं सूप म्हणजे कोबीचं श्ची.

आधी कोबी आंबवा. 1 किलो कोबी बारीक चिरून, 100 ग्रॅम गाजर किसून, 20 ग्रॅम जाडं मीठ घालून रस सुटेपर्यंत हाताने चोळा. काचेच्या बरणीत दाबून भरा, वर वजन ठेवा. कोबी रसात बुडालेली राहिलीच पाहिजे, वर आलेल्या पानावर बुरशी धरते. मीठ अंदाजाने कमी केलं तर कोबी मऊ पडून कुजट वास येतो. दिवसातून दोनदा लाकडी काडीने तळापर्यंत भोकं पाडा, नाहीतर वायू कोंडून कडवटपणा येतो. रशियात तीन दिवस लागतात, पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यात दीड-दोन दिवस पुरतात. मग फ्रिजमध्ये.

चौघांच्या श्चीला 400 ग्रॅम आंबवलेली कोबी, 2 बटाटे, 1 कांदा, 1 गाजर, 25 ग्रॅम वाळलेले मशरूम (कोमट पाण्यात तासभर भिजवून, चिरून), 2 तमालपत्रं, 6 मिरीदाणे. कोबी चमचाभर तेल आणि अर्धी वाटी पाणी घालून झाकणाखाली मंद आचेवर 40 मिनिटं शिजवा. कांदा-गाजर वेगळं परता. दीड लिटर पाण्यात मशरूम, त्यांचं गाळलेलं पाणी आणि बटाटे उकळा. बटाटा पूर्ण मऊ झाल्यावरच कोबी घाला. हा क्रम उलटला तर आंबटपणामुळे बटाटा कितीही उकळला तरी कच्चट राहतो. आता परतलेलं कांदा-गाजर, मिरी, तमालपत्र आणि चवीपुरतं मीठ घालून 15 मिनिटं उकळा. शेवटी 2 ठेचलेल्या लसूण पाकळ्या आणि शेपू घालून झाका आणि अर्धा तास हात लावू नका. दुसऱ्या दिवशी ते अधिक मुरतं. अशा शिळ्या श्चीला त्यांच्याकडे 'सुतोच्निये' असं खास नाव आहे. वाढताना वर चमचाभर स्मेताना, म्हणजे विरजलेलं घट्ट क्रीम.

काशा ग्रेच्काची करा. ग्रेच्का म्हणजे कुट्टू, ज्याचं पीठ उत्तरेत नवरात्राच्या उपासाला चालतं. रशियात तो भाजलेला, तपकिरी मिळतो. आपल्याकडचा सोललेला कुट्टू कच्चा, हिरवट-पांढरा असतो आणि तसाच शिजवला तर चिकट गोळा होतो. कोरड्या कढईत मध्यम आचेवर 8-10 मिनिटं तपकिरी होईपर्यंत भाजा. एक वाटी कुट्टूला दोन वाट्या पाणी, मीठ, उकळी आली की आच मंद आणि झाकण घट्ट. 15 मिनिटं ढवळू नका. मग भांडं टॉवेलात गुंडाळून 10 मिनिटं ठेवा आणि लोणी घाला.

न्याहारीचे सिर्निकी, म्हणजे त्वोरोगच्या तळलेल्या टिक्क्या, मात्र पहिल्या वेळी बहुतेकांचे बिघडतात, आणि कारण नेहमी त्वोरोग. हा दह्यातला छाना. पनीर चालत नाही, त्याला आंबूस चव नसते. 2 लिटर घट्ट दही अगदी मंद आचेवर, न ढवळता, पाणी सुटेपर्यंत गरम करा. उकळी येऊ दिली तर रबरासारखे दाणे होतात. मलमलीत 4 तास टांगा, साधारण 400 ग्रॅम निघेल. त्यात 1 अंडं, 2 चमचे साखर, चिमूट मीठ आणि 2 मोठे चमचे मैदा. मिश्रण सैल वाटलं म्हणून मैदा वाढवू नका, त्यानेच ते चामट होतात. पुन्हा तासभर टांगा. बोटभर जाडीच्या टिक्क्या करून मैद्यात घोळवा आणि मंद आचेवर, झाकण ठेवून, दोन्ही बाजूंनी 4-4 मिनिटं तळा. मोठ्या आचेवर बाहेरून करपतात आणि आत ओलेच राहतात. गरम असतानाच स्मेताना आणि मुरंब्याबरोबर वाढा.